राबापासून खाचरापर्यंत : रासायनिक क्रियांचे प्रकार

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टींत उन्हें तापूं लागलीं कीं राबाची तयारी सुरू होते. ऐन व इतर झाडांच्या फांद्या तोडून कवळाचे भारे वाळवावयाचे, जमिनीवर शेणाचा थर द्यावयाचा, त्यावर कवळ, त्यावर गवत व पालापाचोळा आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर पसरावयाचा, ही रीत आपल्या वाचकांस सांगावयास नको. मग वारा ज्या बाजूस जातो त्या बाजूनें राब पेटवितात. त्यामुळें आग धांवत न सुटतां वाऱ्याच्या उलट अंगानें सावकाश धुमसत जाते. घरची माणसें कित्येक दिवस खपतात, डोक्यावरून भाऱ्यांमागून भारे येतात, आणि शेवटीं जमिनीवर उरते ती चार घमेलीं राख. एवढें मणावारी वजन गेलें कोठें?

प्रश्न साधा दिसतो. पण आधुनिक रसायनशास्त्राचा पाया याच प्रश्नावर रचला गेला आहे. फ्रान्समधील लाव्हाझिए या शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तराजू हातीं घेऊन दाखवून दिलें कीं, बंद भांड्यांत कोणतीही क्रिया केली तर आधींचें एकूण वजन आणि नंतरचें एकूण वजन सारखेंच भरतें. द्रव्य नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या रूपांत जातें. कवळाचें वजनही असेंच गेलें आहे. तें वायुरूप होऊन आकाशांत गेलें, आणि त्याबरोबर शेतकऱ्याची कांहीं मोलाची वस्तूही गेली. ती कोणती, हें समजण्यासाठीं रासायनिक क्रिया म्हणजे काय व तिचे प्रकार किती, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. हा विषय केवळ शाळकरी मुलांचा आहे असें कोणी समजूं नये. कोणत्या दोन वस्तू एकत्र कराव्या व कोणत्या दूर ठेवाव्या, हें ज्यास कळत नाहीं त्याच्या खताचा पैसा त्याच्या डोळ्यांदेखत हवेंत उडून जातो.

मीठ पाण्यांत विरघळलें आणि पाणी आटविलें, तर पुन्हां मीठच हातीं येतें. येथें वस्तु बदलली नाहीं, तिचें रूप मात्र बदललें. परंतु लांकूड जाळल्यावर राखेपासून पुन्हां लांकूड करतां येत नाहीं. कारण मूळची वस्तु मोडून निराळ्या गुणांच्या नव्या वस्तू झाल्या. यास रासायनिक क्रिया म्हणतात. उष्णता निघणें, वायु सुटणें, रंग पालटणें, नवा वास येणें किंवा निवळ पाण्यांत साका बसणें, या तिच्या सामान्य खुणा होत. आतां तिचे मुख्य प्रकार आपल्या शेतांतीलच उदाहरणांवरून पाहूं.

ज्वलन

जळणें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं वेगानें संयोग होणें. या वायूस शाळेंत मुलें ऑक्सिजन म्हणतात. कवळांतील कर्ब प्राणवायूशीं मिळून त्याचा कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, होतो. उज्जवायूचें पाणी होऊन तें वाफेच्या रूपानें जातें. पानांतील नत्राचा बहुतेक भागही वायुरूपानें निघून जातो. आम्ही वर जी मोलाची वस्तु म्हटली ती हीच. युरियाच्या पोत्यासाठीं आपण जें नत्र विकत घेतों, तेंच पानांतून फुकट मिळणारें नत्र राबाच्या धुरांत जातें. मागें राहते ती राख. तींत पालाश, चुना, मॅग्नेशियम, स्फुरद आणि वाळूच्या जातीचें सिलिका हीं न जळणारीं द्रव्यें असतात.

मग आपले वाडवडील राब भाजीत आले तें अज्ञानानें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. पुणें येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानांतील राबपद्धतीचा रासायनिक अभ्यास करून तो १९१२ सालीं प्रसिद्ध केला. राबाचा लाभ केवळ राखेंत नाहीं. भाजण्याच्या आंचेनें वरच्या थरांतील तणांचें बीं मरतें. मातींत कुजलेल्या द्रव्यांत अडकून पडलेल्या नत्राचा कांहीं भाग अमोनियाच्या रूपांत मोकळा होतो, व तो कोवळ्या रोपास तत्काळ घेतां येतो. म्हणून राबावरील भाताचें व नागलीचें रोप जोमदार व तणरहित निघतें. परंतु हा लाभ कवळांतील नत्र आणि डोंगरावरील झाडांचा पाला यांच्या किंमतीनें विकत घेतलेला असतो, हें विसरतां कामा नये.

ज्वलनाचा दुसरा प्रकार अपुऱ्या हवेंतील. प्राणवायु पुरेसा मिळाला नाहीं म्हणजे कोळसा उरतो, धूर होतो, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा एक विषारी वायु तयार होतो. त्यास रंगही नाहीं व वासही नाहीं. जव्हार-मोखाड्याच्या थंडींत रात्रीं दारें-खिडक्या लावून जळत्या कोळशांची शेगडी उशाशीं ठेवणें, म्हणजे या वायूस घरांत बोलावणें होय. झोंपलेला मनुष्य जागा होण्यापूर्वींच त्याचा घात होतो. शेगडी बाहेर ठेवावी, हा नियम घरांतील प्रत्येकास सांगून ठेवावा.

विघटन आणि संयोग

एका वस्तूच्या दोन किंवा अधिक वस्तू होणें यास विघटन म्हणावें, आणि दोहोंची मिळून एक होणें यास संयोग. या दोन्ही क्रिया एकाच वस्तूंत पाहावयाच्या असतील तर चुन्यासारखें उदाहरण नाहीं.

शुद्ध चुनखडी १०० किलो घेऊन भट्टींत सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, तर तिचें विघटन होऊन ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कर्बाम्ल वायु उडून जातो. या कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो फसफसतो, कढतो व फुगून त्याची पांढरी भुकटी होते. हा संयोग होय. ५६ किलो चुना १८ किलो पाणी आपल्यांत घेऊन ७४ किलो विरलेला चुना होतो. तोच चुना भिंतीस लाविला म्हणजे हवेंतील कर्बाम्ल वायु हळूहळू शोषून घेतो, पाणी सोडतो, आणि त्याची पुन्हां चुनखडी बनते. भट्टींत जो ४४ किलो वायु गेला होता तितकाच हवेंतून परत येतो, आणि वजन पुन्हां १०० किलो भरतें. हिशेब असा चोख जुळतो, म्हणूनच लाव्हाझिएचा तराजू अद्यापि प्रमाण आहे.

चुना विरतांना फार मोठी उष्णता निघते. तेव्हां नेहमीं पाण्यांत चुना थोडा थोडा टाकावा; चुन्याच्या ढिगावर वरून पाणी ओतूं नये. मुलांस दूर ठेवावें. शिंतोडा डोळ्यांत गेल्यास चोळूं नये. स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा-वीस मिनिटें डोळा धूत राहावें व लागलीच दवाखान्यांत जावें. ताजा चुना डोळ्यास कायमचा अंध करूं शकतो.

युरियाचेंही जमिनींत विघटन होतें. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें, पण तें जसेंच्या तसें पिकाच्या फारसें उपयोगी पडत नाहीं. जमिनींतील सूक्ष्म जंतूंपासून निघालेल्या युरिएज नांवाच्या द्रव्याच्या साहाय्यानें पाण्याशीं क्रिया होऊन त्याचा अमोनियम कार्बोनेट होतो. हा मोठा चंचल पदार्थ आहे. जमिनीच्या पृष्ठावर राहिला तर त्यांतून अमोनिया वायु उडून जातो. म्हणून युरिया ओल्या मातीवर उघडा टाकून ठेवूं नये, तो मातीआड करावा.

विस्थापन

एक धातु दुसऱ्या धातूस तिच्या संयुगांतून हुसकून तिची जागा घेते, यास विस्थापन म्हणतात. याचा पाठ आम्हांस एका लोखंडी बादलीनें दिला. आंब्याच्या कलमांवर फवारण्यासाठीं आम्ही प्रथम बोर्डो मिश्रण केलें, तेव्हां मोरचूद त्या बादलींतच विरघळविला. कांहीं वेळानें पाहतों तों बादलीस आंतून तांबूस लेप चढलेला, आणि पाण्याची निळाई फिकी पडलेली. मोरचूद म्हणजे तांब्याचें गंधकाम्लाशीं झालेलें संयुग. लोखंड हें तांब्याहून अधिक क्रियाशील असल्यामुळें लोखंड पाण्यांत गेलें व तांबें बाहेर पडून बादलीस चिकटलें. औषधांतील गुणकारी तांबें बादलीस, आणि झाडास निकामी पाणी! बादली झिजली ती वेगळीच. यासाठीं मोरचूद मातीच्या, लांकडी किंवा प्लास्टिकच्या भांड्यांतच भिजवावा.

हाच दोष परीक्षेच्या उपयोगी पडतो. मिश्रण तयार झाल्यावर त्यांत चाकूचें स्वच्छ घासलेलें लोखंडी पातें थोडा वेळ बुडवावें. पात्यावर तांबूस लेप चढला, तर मोकळा मोरचूद अद्याप शिल्लक आहे व तो पानें भाजील, असें समजावें. मग आणखी चुन्याची निवळी घालावी. पातें पूर्ववत् राहिलें तर मिश्रण फवारण्यास योग्य.

दुहेरी विस्थापन

दोन संयुगें एकत्र आलीं असतां त्यांनीं आपापले जोडीदार बदलावे, यास दुहेरी विस्थापन म्हणतात. बोर्डो मिश्रण हेंच याचें उत्तम उदाहरण. मोरचूद व विरलेला चुना यांची अदलाबदल होऊन तांब्याचा निळा साका आणि जिप्सम तयार होतात. फ्रान्सच्या बोर्डो प्रांतांत मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें द्राक्षावरील केवड्या रोगासाठीं हें औषध १८८५ सालीं प्रसिद्ध केलें, आणि आजही आंब्या-काजूच्या वाड्यांतून तें उपयोगांत आहे. शेंकडा १ चें मिश्रण करण्यास १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावें. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत भिजवून, दोन्हींच्या धारा एकदम तिसऱ्या भांड्यांत सोडाव्या व ढवळीत राहावें. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. शिळें झालें कीं साका जाड होऊन त्याचा गुण उतरतो.

हीच अदलाबदल दुसऱ्या ठिकाणीं आपला घात करते. नवसागर व चुना एकत्र चोळून हुंगल्यास नाकांत झिणझिण्या आणणारा वास येतो, हा घरगुती अनुभव आहे. तो वास अमोनियाचा. नवसागराच्या जागीं अमोनियम सल्फेट खत घेतलें तरी तेंच होतें : चुना गंधकाम्लाशीं जोडला जातो, आणि मोकळा झालेला अमोनिया हवेंत जातो. त्या खतांत शेंकडा सुमारें २० भाग नत्र असतें. तें असें वाऱ्यावर गेलें कीं शेतकऱ्याच्या हातीं जिप्सम तेवढें राहतें. राख ही चुन्याचीच बहीण आहे. तींतील पालाश व चुना यांमुळें तिचें पाणी बुळबुळीत लागतें. पूर्वीं कपडे धुण्यास तें वापरीत तें याच गुणामुळें. म्हणून राख व अमोनियम सल्फेट, अगर राख व युरिया, एकत्र कालवून फेंकूं नये.

आमच्या पाहण्यांत बहुतेक घरांची चुलींतील राख उकिरड्यावर पडते. ताज्या शेणामुतांतून निघणारा अमोनिया जो कांहीं काळ उकिरड्यांत टिकला असता, तो या राखेच्या संगतीनें उडून जातो. उकिरड्यापाशीं नाकांस झोंबणारा वास येतो तो आपल्याच खताचा वास होय. राख निराळ्या कोरड्या खड्ड्यांत सांठवावी आणि पेरणीपूर्वीं सरळ जमिनींत मिसळावी.

सुपर फॉस्फेटाचीही तीच गोष्ट. मूळ स्फुरदाचा दगड पाण्यांत विरघळत नाहीं. त्यावर गंधकाम्लाची क्रिया केली म्हणजे तो विद्राव्य होतो. याचें पेटंट लॉज नांवाच्या इंग्रज शेतकऱ्यानें १८४२ सालीं घेतलें. आपण त्या खतांत चुना किंवा राख मिसळली, तर कारखान्यांत पैसे खर्चून केलेली क्रिया उलटी फिरते व विद्राव्य स्फुरद पुन्हां अविद्राव्य होऊन बसतो.

आम्ल आणि अल्क यांचें उदासीनीकरण

आम्ल व अल्क एकमेकांस भेटलीं कीं दोन्हींचा तीव्रपणा मरतो, आणि लवण व पाणी तयार होतें. यास उदासीनीकरण म्हणतात. आपल्या भागांत चार महिन्यांत १०० इंचांच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस कोसळतो. हें पाणी उतारावरील तांबड्या वरकस जमिनींतून चुना व इतर क्षार धुवून नेतें, आणि माती आम्लतेकडे झुकते. देशावरील चुनखडीयुक्त काळ्या मातीवर लिंबाचा रस पिळला तर ती फसफसते. आपल्या माळाच्या मातीवर पिळून पाहावा, बहुधा कांहींच होणार नाहीं. फसफसणें म्हणजे चुनखडींतील कर्बाम्ल वायु सुटणें. तो सुटला नाहीं, अर्थात् मातींत मोकळी चुनखडी नाहीं. आम्लता फार झाल्यास स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांशीं जखडून जातो व पिकास मिळत नाहीं. चुना किंवा राख घातल्यानें ही आम्लता कमी होते. राबाच्या राखेचा एक गुण हाही आहे. तथापि लिंबाची परीक्षा केवळ ओळखीपुरती समजावी. चुना किती घालावा, हें माती परीक्षणाचा अहवाल पाहूनच ठरवावें. अति चुनाही बाधक होतो.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण

प्राणवायु जोडला जाणें यास ऑक्सिडीकरण म्हणतात व तो काढून घेतला जाणें यास क्षपण. ज्वलन हें वेगवान ऑक्सिडीकरण. कोयत्यास गंज चढणें हें संथ ऑक्सिडीकरण. क्षपण पाहावयाचें असल्यास भाताच्या खाचरांत उतरावें. चिखलणी होऊन पाणी सांचलें कीं मातीच्या आंतील प्राणवायु थोड्याच दिवसांत संपतो. मग तेथील जंतु मातींतील लोहाचा प्राणवायु ओढून घेतात. म्हणूनच बांधावरील तांबडी माती खाचराच्या तळाशीं निळसर-करडी दिसते. भाताचें रोप आपल्या मुळांतून प्राणवायु खालीं पोंचवितें, त्यामुळें मुळांभोवतीं मात्र पुन्हां गंजाचा तांबूस लेप चढतो. एकाच ढेंकळांत दोन्ही क्रिया पाहावयास मिळतात.

यांतून खताचा मोठा नियम निघतो. नत्र नायट्रेटच्या रूपांत असेल, तर पाण्याखालच्या मातींत जंतु त्याचाही प्राणवायु काढून घेतात, आणि शेवटीं उरलेला नत्रवायु बुडबुड्यांनीं हवेंत निघून जातो. उतारावरील नागली व वरई यांच्या जमिनींत हवा खेळते, तेथें ही भीति थोडी. खाचरांत मात्र नायट्रेट जातीचीं खतें घालूं नयेत. अमोनियम रूपांतील नत्र खोल, प्राणवायुहीन थरांत ठेवलें म्हणजे तें मातीच्या कणांस धरून राहतें. युरिया-डीएपीच्या गोळ्या लावणीच्या वेळीं चार चुडांच्या मधोमध चिखलांत खोंचण्याची जी रीत कोंकणांत सांगितली जाते, तिचें रहस्य हेंच. पृष्ठावर फेंकलेल्या युरियाचें जें नत्र वाऱ्यानें व पाण्यानें जातें, तें येथें वांचतें.

आतां राबाकडे परत येऊं. राबापासून आपणांस तीन गोष्टी हव्या असतात : तणांचा नाश, राखेंतील द्रव्यें, आणि रोपास लवकर मिळणारें नत्र. यांपैकीं प्रत्येकीस दुसरा मार्ग आहे. गादीवाफा करून पहिल्या पावसानें उगवलेलें तण पेरणीपूर्वीं काढून टाकतां येतें. डॉ. ना. कृ. सावंत यांनीं पुरस्कारिलेल्या चारसूत्री भातलागवडींत तुसाची काळी राख रोपवाटिकेंत मिसळावयास सांगितली आहे. तिच्यानें रोपास सिलिका मिळते. आणि गिरिपुष्पाचा किंवा कवळाचा पाला न जाळतां चिखलांत गाडला, तर धुरांत जाणारें नत्र शेतांतच राहतें. तथापि पिढीजात रीत एका लेखावरून कोणी सोडावी असें आम्ही म्हणणार नाहीं. रोप बिघडलें तर सबंध वर्ष बुडतें, हें आम्ही जाणतों. एका लहान तुकड्यावर राब भाजावा, शेजारीं तेवढाच गादीवाफा न भाजतां करावा, बीं एकच व पेरणीचा दिवसही एकच असावा, आणि आवणीच्या वेळीं दोहोंकडील रोप उपटून ताडून पाहावें. लाव्हाझिएनें तराजूचा निवाडा मानला. आपणही आपल्या वाफ्याचा निवाडा मानावा.

तोंवर एवढें तरी प्रत्येक घरीं व्हावें. राख उकिरड्यावर टाकूं नये. राख अगर चुना युरियाशीं, अमोनियम सल्फेटाशीं किंवा सुपर फॉस्फेटाशीं मिसळूं नये; राख आधीं जमिनींत मिसळून रोप रुजल्यावर, कांहीं दिवसांचें अंतर ठेवून, नत्र द्यावें. मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवूं नये. खाचरांत नत्र वरवर न फेंकतां खोल द्यावें. चुन्याच्या कामीं डोळे संभाळावे, आणि शेगडी बंद खोलींत ठेवूं नये. यांतील कशासही अधिक पैसा लागत नाहीं. कोणती वस्तु कोणत्या वस्तूशीं कशी वागते, एवढें ध्यानांत ठेवावें लागतें.